मास्तरांच्या सिनेमाचे तीनशे सदरे

मामाला जाऊन आता चार महिने होतील. मशीनवर मामीने जुनी चादर टाकलीय. लोक अजून शिवायला टाकलेले कपडे मागायला येतात आणि मामीचा चेहरा बघून "राहू द्या, घाई नाही" म्हणून परत जातात. मामाबद्दल कुणी काही लिहिणार नाही, लिहिण्यासारखं काही केलंच नाही असं तोच म्हणायचा. पण एक गोष्ट तीस वर्षं त्याच्या पोटात होती आणि ती आम्हा सगळ्यांना तुकड्यातुकड्यांनी माहीत होती. थोडी त्याने सांगितलेली, थोडी मामीने. ती एकदा सलग सांगून टाकावी म्हणून हे.

मामा शिंपी. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. एक पायमशीन, एक लांब टेबल, खाली चिंध्यांचं पोतं, आणि दाराजवळ उजेडात आबांची खुर्ची. आबा म्हणजे मामाचे वडील, आमचे आजोबा. काज करणं, बटण लावणं, तुरपाई, हे हाताचं काम आबांचं. मशीन मामाचं. दोघं दिवसभर एका खोलीत बसायचे आणि दिवसभरात दहा वाक्यं बोलत असतील तर शपथ. "दोरा संपला." "जेवायला चला." "बाही उलटी लागली बघ." झालं. भांडण नव्हतं, तसा स्वभावच होता दोघांचा. मामी म्हणायची, या घरात मशीनच जास्त बोलतं.

मामाचं एक खास होतं. माप घेऊन नवीन काही बेतायला सांगितलं तर तो चाचपडायचा, पण तुमचा आवडता जुना कपडा आणून दिलात की अगदी तसाच दुसरा करून द्यायचा. त्यासाठी तो जुना कपडा ब्लेडने पूर्ण उसवायचा, एकेक तुकडा टेबलावर पसरून इस्त्री करायचा, त्यावरून नवीन कापड कापायचा आणि मग जुना परत शिवून टाकायचा. लोक बिनधास्त द्यायचे. "नमुना आणा" हे त्याचं कायमचं वाक्य, म्हणून गल्लीत त्याचं नावच नमुना टेलर पडलं. मामी म्हणायची, नाव अगदी शोभतं.

तर त्या वर्षी गावात सिनेमावाले आले. मास्तरांवर सिनेमा निघणार होता. मास्तर म्हणजे ज्यांनी परक्यांचं राज्य हात न उगारता घालवलं ते. आधी शाळेत शिकवायचे म्हणून सगळा देश त्यांना मास्तरच म्हणायचा. त्यांच्या मोर्चात आमचे आबा होते, तरुणपणी. एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. यापुढचं कुणालाच माहीत नव्हतं, कारण आबा सांगायचे नाहीत आणि कुणी विचारायचं नाही.

सिनेमाच्या कपड्यांचं सगळं एक बाई बघायच्या. उंच, गळ्यात मोजपट्टी, बोलणं फटाफट. त्यांना मोर्च्यातल्या माणसांसाठी तीनशे सदरे पाहिजे होते, त्या काळचे. हातात एक धुरकट फोटो.

"यात बाही कशी जोडलीय ते दिसत नाही," बाई म्हणाल्या. "कॉलर आहे की नुसती पट्टी, ते पण कळत नाही."

"बाई, फोटोवरून मी माणूस ओळखीन, सदरा शिवणार नाही," मामा म्हणाला. "नमुना आणा."

"नमुना असता तर तुमच्या दारात कशाला आले असते?"

मामाने फोटो परत एकदा उजेडात धरून बघितला. मग आत गेला आणि आबांची पत्र्याची ट्रंक उघडून तळातला सदरा घेऊन आला. आबांनी मोर्च्यात घातलेला. जाडंभरडं कापड, धुऊन धुऊन पिवळट पडलेलं, डाव्या खांद्यावर फाटून शिवलेला. बाईंनी तो असा हातात धरला की जसं काही तान्हं मूल.

"हा कुणाचा?"

"वडिलांचा."

"विचारलंय त्यांना?"

"घरातलंच आहे हो. विचारायचं काय त्यात."

आबा त्या वेळी घरी नव्हते. मोतीबिंदू काढायला आमच्या आईने त्यांना आमच्याकडे नेलं होतं, रविवारी परत येणार होते. बाई गेल्यावर मामी म्हणाली, "अहो, निदान फोन करून सांगा तरी त्यांना."

"डोळ्यावर पट्टी बांधून पडलेत ते. त्यांना सदऱ्याचं काय सांगू? रविवारच्या आत होता तसा शिवून ट्रंकेत ठेवतो. कळणारही नाही त्यांना."

कळणारही नाही. हे वाक्य मामा पुढे कितीतरी वेळा स्वतःलाच म्हणून दाखवायचा, आणि म्हणताना असं तोंड वाकडं करायचा की जसं काही कडू चावलंय.

बसला उसवायला. सगळी शिवण मशीनची होती, फक्त खांद्यावरची हाताची. बारीक बारीक टाके, एकदम सारखे, पण ओळ मात्र वाकडी, वर जाऊन खाली आलेली. मामाला मोठं नवल वाटलं. ज्याला एवढे सुबक टाके जमतात त्याला सरळ रेघ कशी जमली नाही? मामीला बोलावून दाखवलं पण त्याने. "हात चांगला आहे, पण लक्ष नव्हतं कामात," असं म्हणाला. आणि मग ब्लेड घातलं.

दोन दिवसांत कागदावर सगळे तुकडे उतरवून घेतले. सदरा परत शिवला. नवीन पक्का दोरा घातला आणि खांद्यावरची ती फाटकी जागा मशीनवर सरळ दाबून टाकली. वाकडं होतं, सरळ केलं. इस्त्री करून, घडी घालून ट्रंकेत तळाला ठेवलं. खूश होता. उसवलेले दोऱ्याचे तुकडे चिंध्यांत गेले, आणि चिंध्यांचं पोतं उशा भरणारा त्याच्या नेहमीच्या दिवशी घेऊन गेला.

आबा रविवारी आले. एका डोळ्यावर हिरवा कपडा, दुसऱ्याने तसंही फार दिसायचं नाही. दवाखान्यातले कपडे ट्रंकेत ठेवायला बसले, सवयीने हात तळाशी गेला. मामा दारातून बघत होता. आबांनी सदरा बाहेर काढला नाही. नुसती बोटं खांद्यावरून फिरवली. काजं करणाऱ्याची बोटं ती, त्यांना डोळे लागत नाहीत. एकदा फिरवली, परत फिरवली.

"हे कुणी केलं?"

मामाने सांगितलं. सिनेमा, बाई, नमुना, सगळं. शेवटी म्हणाला, "उलट आता जास्त मजबूत झालाय, आबा. आधीची शिवण वाकडी होती."

आबांनी हात ट्रंकेतून बाहेर काढला. मग म्हणाले, "मास्तर मोर्च्याच्या आधी पोलिसांना पत्र पाठवायचे. उद्या इतक्या वाजता येतोय, या रस्त्याने येतोय, एवढी माणसं घेऊन येतोय. मारणाऱ्यांना आधी सांगायचे रे ते. आणि तू मला सांगितलं नाहीस."

"मी परत शिवून देतो," मामा म्हणाला.

"शिवायला कोण सांगतंय," आबा म्हणाले आणि ट्रंक बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा खुर्चीवर बसले नाहीत. मामाने काजाचा गठ्ठा नेऊन पुढ्यात ठेवला. आबांनी तो उचलून परत टेबलावर आणून ठेवला. रागाने नाही, अगदी हळू, जसं काही काचेचं सामान. "आजपासून काजं तू कर," एवढंच. जेवायला वेळेवर यायचे, चहा प्यायचे, कुणी आलं तर बोलायचे. फक्त दुकानाचं काम नाही. मामी मामाला म्हणाली, "बसा आता. मास्तरांचा माणूस आहे तो. तुमच्याशी असहकार पुकारलाय."

"तुला मजा वाटतेय?"

"मला काजं येत नाहीत एवढंच सांगते."

म्हणजे बघा, तीनशे सदरे, एकेका सदऱ्याला चार काजं, आणि काजं करणारा माणूस घरात बसून खिडकीबाहेर बघतोय. मामाने शेजारचे दोन कारागीर मदतीला घेतले, पण त्यांचीही काजं मशीनची, आणि बाईंना पाहिजे होती हाताची. मामाच्या बोटांना भोकं पडली. पण दोन शब्द बोलून मोकळं व्हायचं, ते नाही. अडलंच असेल तोंड. जिथे चुकलं तिथे शिवून देतो, हे सोडून दुसरं उत्तर त्या माणसाला आयुष्यात माहीत नव्हतं.

आठवड्याने बाई पहिले साठ सदरे बघायला आल्या. एक उचलला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"टेलरभाऊ, हे खांद्यावर काय आहे?"

"शिवण आहे. नमुन्यात होती तशी."

"सगळ्यांवर?"

"साठच्या साठ. नमुना म्हणजे नमुना."

"म्हणजे तीनशे माणसांना एकाच खांद्यावर, एकाच जागी लाठी बसली? पोलीस काय पट्टी घेऊन मोजून मारत होते का?"

कारागीर खो खो हसले. आणि आतल्या खोलीतून पण हसण्याचा आवाज आला. आबा. आठवडाभरात पहिल्यांदा. पडदा बाजूला करून ते भिंतीला हात लावत बाहेर आले आणि बाईंना म्हणाले, "बाकीच्यांचं डोक्यावर, पाठीवर. त्या खांद्याचा मानकरी मी एकटा."

बाईंनी खुर्ची ओढून दिली. आबा त्याच दाराजवळच्या खुर्चीत बसले. बाईंनी विचारलं, अगदी साधं, "फार लागलं होतं का हो?" आणि आबा बोलायला लागले. पन्नास वर्षांत घरात कुणी न विचारलेलं एका परक्या बाईने विचारलं आणि तो माणूस बोलायला लागला.

म्हणाले, लाठी आली तेव्हा हात वर करायचा नाही असं ठरलेलं होतं, डोकं वाचवायलाही नाही. हात वर गेला नाही. खांदा गेला. संध्याकाळी सगळ्यांना एका गोदामात ठेवलं होतं, तिथे गावातल्या बायका पट्ट्या बांधायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी परत मोर्चा होता आणि अंगावर हा एकच सदरा, खांद्यापासून उसवून लोंबणारा. तिथे एक मुलगी होती सुईदोरा घेऊन. ती म्हणाली काढा, शिवून देते. पण काढणार कसा, डावा हात वर जातच नव्हता. मग तिने तो तसाच शिवला. अंगावर. त्यांच्या मागे उभी राहून.

"म्हणून वाकडा," आबा म्हणाले. "मी जरा हललो की टाका वर जायचा. दोनदा सुई लागली, मी ओरडलो. तर मला म्हणते कशी, लाठी खाताना तोंड उघडलं नाहीत म्हणे, आणि सुईला ओरडता?"

बाई हसल्या. "मग?"

"मग काय. पुढच्या वर्षी लग्न केलं तिच्याशी. सुई टोचायची सवय झाली होती."

आबा हसत होते. मामाच्या हातात कात्री होती, ती तशीच उघडी राहिली. मामा तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली, आमची आई तेव्हा पाळण्यात. तिचा फोटो नाही, पत्र नाही, भांड्यावर नाव घातलेलं नाही. आईची म्हणून घरात एक वस्तू नव्हती असं मामाला वाटायचं. होती, आणि तो ती दोन दिवसांपुरती म्हणून उसवून बसला होता. वर मामीला बोलावून म्हणाला होता, लक्ष नव्हतं कामात.

बाईंनी मामाकडे बघितलं आणि त्यांना कळलं असावं, कारण त्या पटकन उठल्या. जाताना हळूच म्हणाल्या, "खांद्याची शिवण काढून टाका सगळ्यांवरची. बाकी सुरेख आहे काम."

मामा तसाच उठून उशा भरणाऱ्याकडे गेला. तो म्हणाला, "कुठली चिंधी आणि कुठला दोरा, भाऊ? गेल्या आठवड्यातल्या सगळ्या उशा बाजारात गेल्या." मामा तरी त्याच्या शेडमध्ये जमिनीवर बसून उरलेला ढीग चिवडत होता, पिवळट दोरा शोधत. शेवटी तो माणूसच घाबरला. म्हणाला, "सोन्याचा होता का काय?"

घरी येऊन मामाने सदरा काढला आणि खांद्यावरची स्वतःची शिवण उसवली. जुन्या जाड कापडावर सुईची भोकं राहतात. उजेडात धरलं की दिसायची, बारीक, वाकडी ओळ. त्या भोकांतून परत हाताने दोरा घालायला बसला. चार टाके झाले असतील. आबा मागे येऊन उभे राहिलेले त्याला कळलंच नाही.

"किती वेळा उसवशील रे," आबा म्हणाले. "कापड आहे ते. विरेल."

मामा म्हणायचा, तो क्षण होता. मान वर करून म्हणायचं होतं, आबा, चुकलं माझं. समोर उभे होते ते, कशाचीतरी वाट बघितल्यासारखे. आणि मामा म्हणाला काय, तर, "दोरा जरा वेगळ्या रंगाचा आहे, पण जमेल." आबांनी मान हलवली आणि आत गेले. तो सदरा मग मामाने अर्धवटच ठेवून दिला. पुढे शिवायचा धीर झाला नाही आणि टाकायचा तर प्रश्नच नव्हता.

सिनेमा पुढच्या वर्षी लागला. कंपनीने दुपारच्या खेळाचे तीन पास पाठवले. मामाने आबांना विचारलं, तर म्हणाले, "मी ते बघितलंय. तुम्ही जा."

मामा-मामी गेले. सदरे पडद्यावर आले तेव्हा मामी कोपराने ढोसत म्हणाली, "अहो, तो बघा आपला, तो बघा." मामा आधी शिवणीच बघत होता, खोड कुठे जाते. मग लाठ्या सुरू झाल्या. एकेक माणूस पुढे येतो, मार खातो, पडतो, मागचा पुढे येतो. एकाचाही हात वर जात नाही. मामाला माहीत होतं की हे नट आहेत, लाठ्या रबराच्या आहेत, सदऱ्यांचं कापड त्याने स्वतः कापलंय. तरी तो खुर्चीतून अर्धा उठला. मागचा ओरडला, "ओ, खाली बसा!" मामी सांगायची, त्या अंधारात ते रडत होते आणि मला सांगत होते की धूळ गेली डोळ्यात. पडद्यावरची धूळ, म्हटलं, इथे कशी आली?

घरी येताना सगळा रस्ता मामा ठरवत आला. आज सांगायचं. दारात चप्पल काढली, आबा त्यांच्या खुर्चीत बसलेले.

"कसा होता?" आबांनी विचारलं.

"चांगला होता."

"काजं दिसली का?"

"नाही. धूळ फार उडवलीय."

"बघ. आणि तू बोटं फोडून घेतलीस." आबा हसले. मामा पण हसला. हसण्यात ती वेळ निघून गेली. मामी म्हणते, कुणी मुद्दाम घालवली नाही, चहा ठेवायचा होता, गिऱ्हाईक दारात आलं, असंच काहीतरी.

महिनाभराने आबांनी आपणहून टेबलावरचा एक शर्ट उचलला आणि काज करायला घेतलं. मामाला वाटलं, मिटलं. आता कशाला जुनं उकरायचं. परत तसंच सुरू झालं. दोरा संपला, जेवायला चला, बाही उलटी लागली बघ. आणखी दीड वर्षं. मग एका दुपारी जेवून आबा खुर्चीत बसले, मामाने मशीनवरून विचारलं, "आबा, ती पँट झाली का?" आणि उत्तर आलं नाही. सुई बोटांत तशीच होती.

त्यानंतर मामाला एक सवय लागली, तुमच्यापैकी कुणी त्याच्याकडे कपडे शिवले असतील तर आठवेल. गिऱ्हाईकाने तोंड उघडायच्या आत म्हणायचा, "चुकलं असेल तर माझं चुकलं." पँट बरोबर असली तरी. भाजीवाल्याला धक्का लागला की चुकलं, पोराचा पतंग तुटला तरी चुकलं. लोक हसायचे. एकाने तर विचारलं होतं, "टेलर, तुम्ही नक्की काय केलंय एवढं?" आणि उसवून कपडा करायचं काम त्याने बंदच केलं. नमुना टेलर म्हणायचे तरी लोक, पण नमुना घेऊन आलं की दुसऱ्याचं दुकान दाखवायचा. धंदा निम्म्यावर आला. मामीने कधी तक्रार केली नाही.

ती का केली नाही, हे आत्ता कळलं. मामा गेल्यानंतर आमची आई तिच्याजवळ राहायला गेली होती, दोघी नणंद-भावजय दुकानात बसून उरलेले कपडे ज्याचे त्याला द्यायचे म्हणून लावून ठेवत होत्या. मामी घडी घालता घालता थांबली.

"वन्सं, एक सांगू? आबा एकदा माझ्याशी बोलले होते. सिनेमा येऊन गेला त्याच्यानंतर. म्हणाले, त्याने एकदा तोंडाने म्हटलं असतं ना, आबा, चुकलं, तर मीच म्हणणार होतो, जाऊ दे रे, दोराच तो. एवढंच पाहिजे मला. मी म्हटलं, मग मी सांगते त्यांना. तर म्हणाले, नाही, तू सांगायचं नाही. तू सांगितल्यावर म्हणाला तर ते तुझं झालं, त्याचं नाही. मला शब्द द्यायला लावला."

"मग?" आई म्हणाली.

"मग मी दिला. आबा गेल्यावर वाटलं, आता सांगून काय करायचं, उलट जास्त लागेल त्यांना. गप्प बसले. त्यांना दवाखान्यात ठेवलं ना, त्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं. एकदम शुद्धीत होते. म्हणाले, आबा तुझ्याजवळ कधी काही बोलले होते का गं, त्या सदऱ्याबद्दल?"

मामीने हातातला शर्ट परत उलगडला आणि परत घडी घालायला लागली.

"आणि मी नाही म्हटलं, वन्सं. इतकी वर्षं झाकून ठेवायची सवय. तोंडातून 'नाही' असंच निघून गेलं. ते म्हणाले, बरं. आणि भिंतीकडे तोंड करून झोपले."